तोडीच्या दिवसांतली पानं

सोमवार

आज आमच्या उसाच्या फडाला कोयता लागला. तोडणारी टोळी बीडच्या आष्टीकडची, यंदा नवी. ओढ्याच्या कडेच्या पडीक तुकड्यात कोप्या पडल्या. वाकवलेल्या काठ्या, वर ताडपत्री, दाराच्या जागी जुनी साडी. सासूबाई दुपारीच म्हणाल्या, "त्यांना सांग, ओढ्याला नका राहू. वाघराची वाट आहे ती." वाघरू म्हणजे आमच्याकडे बिबट्या. मुकादमाला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, पाणी जवळ लागतं." तेही खरंच. टोळीला वस्तीजवळ कुणी जागा देत नाही, हे तो बोलला नाही आणि मीही विषय काढला नाही.

आमची संध्याकाळ आता ठरून गेलीय. दिवस मावळायच्या आत धारा, शेळ्या आत, गोठ्याच्या जाळीला कडी. डेअरीत दूध घालायला जाताना मोबाईलवर मोठ्याने गाणी. पोरं क्लासहून येतात ती घोळक्याने. अंगणात बल्ब रात्रभर जळतो. हे कुणी शिकवलं नाही, होत गेलं. आमच्या जुन्नर तालुक्यात ओतूरपासून नारायणगावापर्यंत कुठल्याही मळ्यात जा, हेच दिसेल.

मंगळवार

या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची. हे बारा वाजता उसाच्या खोडव्याला पाणी द्यायला, दारं धरायला गेले. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं, शेजारचा सोबतीला. मी जागीच.

गुरुवार

तिसऱ्या प्रहरी फडातून आरडाओरडा झाला. पट्टीचा तिसरा हिस्सा उभा राहिला होता. तोडणारी एक बाई ऊस मुठीत धरायला वाकली आणि पाचटात काहीतरी फिस्कारलं. ती म्हणते, आधी मांजरीची पिल्लंच वाटली. निघाली बिबट्याची. मी पोचले तेव्हा सगळे लांब उभे होते आणि मुकादम फोनवर होता. त्याला गाडी भरायची घाई. पण टोळी हटून बसली, आई आसपास असणार म्हणून, आणि ते बरोबरच होतं.

फॉरेस्टची माणसं तासाभरात आली, सोबत डॉक्टर. हातमोजे घालून दोन्ही पिल्लं उचलली. पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. ठिपके अजून नीट उमटलेले नव्हते, सगळं अंग धुरकट, राखाडी. डोळ्यांवर निळसर झाक. पंजे मात्र अंगाच्या मानाने केवढे! एक नर, एक मादी. एक गप्प होतं, दुसरं एवढंसं तोंड वासून डॉक्टरांच्या हातमोज्यावर फिस्कारत होतं. नर-मादी बघितलं, तब्येत तपासली, आणि अंधार पडायच्या बेताला क्रेटमध्ये पाचट घालून पिल्लं होती त्याच सरीत नेऊन ठेवली. जागा बदलायची नाही. आई शोधत येते ती तिथेच. समोर बांबूला कॅमेरा बांधला. आम्हाला सांगितलं, आता रात्रभर इकडे कुणी फिरकू नका.

हे ऐकून सगळे पांगले. आमच्या घराला दार आहे, शेजारच्यांना तर कंपाउंडही आहे. क्रेटपासून कोप्या हाकेच्या अंतरावर, त्यांत एवढी लेकरं, आणि "फिरकू नका" म्हणजे त्यांनी नक्की काय करायचं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सासूबाईंच्या आलं. "पोरासोरांना आपल्या पडवीत आण," म्हणाल्या. बायका-पोरं आली, गडी ट्रॉलीत झोपले. ज्या बाईला पिल्लं सापडली ती माझ्या शेजारीच टेकली होती. मी विचारलं, तुमच्याकडे पण आहेत ना आता? म्हणाली, "हायेत की. लई धुमाकूळ घातला होता त्या साली. पन तिकडं आमी घरात असतो, ताई."

त्या साली म्हणजे 2020. आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली होती आणि शेवटी डिसेंबरात करमाळ्याकडे त्याला गोळी घातली होती. पेपरात वाचलेलं आठवतंय.

शुक्रवार

आई येऊन गेली. कॅमेऱ्यातले फोटो त्यांनी मोबाईलवर दाखवले. आधी नुसताच क्रेटभोवती फिरणारा पाठीचा कणा, मग क्रेट आडवा, मग तोंडात पिल्लू. दुसरं न्यायला ती बऱ्याच वेळाने परतली. कुठे नेली? ओढ्यापलीकडच्या उसातच असणार, दुसरं आहे काय इकडे.

फोटो मी स्टेटसला ठेवला आणि पुण्याच्या चुलतनणंदेचा लगेच मेसेज, "माणसाने त्यांच्या जंगलात अतिक्रमण केलं ना, मग काय होणार." हे वाक्य आता इतक्या वेळा वाचलंय की उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. इथे लिहिते.

आमच्या शेतात जंगल कधी नव्हतंच. सासरे सांगायचे, बाजरी, हुलगा, मटकी, आणि उन्हाळ्यात उघडं रान. कुकडीची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे. कालवे आले आणि त्यांच्यामागून ऊस. बिबट्याला लपायला डोक्याएवढी दाट जागा, प्यायला पाणी, आणि खायला कुत्री, डुकरं, शेळ्या. उसात जन्मलेल्या पिल्लाला घाटातलं जंगल म्हणजे परमुलूखच. माझं माहेर नगरकडच्या अकोले तालुक्यातलं. तिकडच्या शेतांमध्ये विद्या अत्रेय यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या त्या भागात 100 चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच मोठे बिबटे निघाले, आणि तिथल्याच पुढच्या अभ्यासात त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा. माहेरच्या लोकांना त्याचं फारसं नवल वाटलं नाही. पश्चिमेकडच्या गावांत वाघबारस अजून होते. शेंदूर फासलेल्या वाघोबाला खिरीचा नैवेद्य, गुराढोरांना सांभाळ एवढंच मागणं. तो शेजारी आहे हे तिथे गृहीतच धरलेलं असतं.

उचलून लांब सोडून देण्याचाही अनुभव जुन्नरने घेतलाय. 2001 नंतर इथे धरलेले बिबटे नेऊन दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला, त्याच काळात माणसांवरचे हल्ले कमी व्हायचे तर उलट वाढले. अनोळखी मुलखात बिथरलेलं जनावर, आणि मोकळ्या जागेवर लगेच दुसरं. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या गळ्यात पट्टा बांधून आमच्या वरच्या माळशेज घाटात सोडला होता. तो रेल्वे, हायवे ओलांडत सुमारे 120 किलोमीटर चालत पार मुंबईच्या नॅशनल पार्काकडे गेला. त्याला 'आजोबा' म्हणायचे. पुढे 2011 मध्ये तिकडच्याच हायवेवर गाडीखाली गेला.

रविवार

देवळात मीटिंग झाली. मागणी एकच, पिंजरा लावा. पिल्लांची आई आहे म्हटल्यावर दोघंतिघं म्हणाले, मग पिल्लंही नेऊ द्या माणिकडोहला. तिथलं बिबट्यांचं निवारा केंद्र म्हणजे जणू तळ नसलेली कणगी, ओतत राहा.

मला बिबट्याचा पुळका नाही. 2025 च्या दिवाळीच्या आगेमागे शिरूरच्या पिंपरखेडला काय झालं ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे. थोड्या दिवसांत तीन माणसं गेली, त्यात दोन लेकरं. लोकांनी नाशिक हायवे अडवला, वन खात्याची गाडी पेटवली, आणि शेवटी एक बिबट्या गोळी घालून मारला गेला. शेतात जाताना तिथले लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागले, पूर्वी धनगराच्या कुत्र्यांना असायचे तसे. ते फोटो बघून बाहेरच्यांना हसू आलं असेल, मला आलं नाही. माणसं मारायला सोकावलेला असेल तर तो धरायलाच हवा, मारायची वेळ आली तर मारावा. त्यात मी वाद घालणार नाही.

पण मीटिंगमध्ये तासभर पिंजरा, नसबंदी, गोळी एवढंच चाललं. रात्री दारं धरायला लावणाऱ्या लाईटवर एकाने तोंड उघडलं, आणि "ते आपल्या हातात नाही" म्हणून विषय संपला. का नाही? गावात बिबट्याच्या तोंडी जाणारा माणूस बहुतेक वेळा वाकलेला असतो, बसलेला असतो किंवा एवढासा असतो. गवत कापणारी बाई, परसाकडे गेलेला माणूस, अंगणात खेळणारं पोर. उभ्या माणसाला तो सहसा टाळतो. मग आमच्या शिवारात सगळ्यात जास्त वाकून काम करणारे, उघड्यावर जाणारे आणि साडीच्या दाराआड लेकरं झोपवणारे कोण आहेत? त्यांच्यातलं देवळात कुणीच नव्हतं. त्यांना बोलावलंच नव्हतं.

मी मागून उठून एवढंच म्हटलं, की टोळी गावात येते त्या दिवशी कोप्यांसाठी वस्तीलगत जागा ठरवा, एक बल्ब आणि पत्र्याचा संडास द्या, खर्च फडवाले वाटून घेऊ. एक ज्येष्ठ म्हणाले, "सुनबाई, मग ते दरवर्षी तिथंच बसतील." बसले तर काय बिघडतं, हे विचारायच्या आत चहा आला.

मंगळवार

आमच्यापुरतं ठरवलं. जुन्या गोठ्याचे पत्रे पडून होते, ते ह्यांनी आणि शेजारच्याने ट्रॅक्टरने नेऊन कोप्यांच्या मागच्या बाजूला उभे केले. दारासाठी फळ्या पुरल्या त्या तीनच कोप्यांना. ज्यांची लेकरं लहान त्यांना आधी, हे टोळीतल्या बायकांनीच ठरवलं. अंगणातून वायर ओढून एक बल्ब दिला. लाईटबिल कोण भरणार म्हणून सासूबाई पुटपुटल्या आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, भरू.

मुकादम खूश नाही. फड आणखी चार-पाच दिवसांत उरकेल, मग टोळी पुढच्या गावाला, तिथे पुन्हा साडीच. फळ्या सोबत न्या म्हटलं तर ट्रॉलीत जागा नाही म्हणाला. उद्या पुन्हा विचारणार आहे. पुढच्या फडाच्या मालकाचा नंबर मिळवलाय, तो ह्यांचा वर्गमित्र निघाला.