जॉन स्मिथचा बुधवार

अजिंठ्याच्या दहा नंबरच्या लेण्यात रखवालदार मामांनी बॅटरी मारली ती थेट वर. "हे बघा सर, याच साहेबानं लेणी शोधली." बोधिसत्त्वाच्या चित्रावर ओरखडून लिहिलेलं: जॉन स्मिथ, २८वी कॅव्हलरी, २८ एप्रिल १८१९. अक्षरं माझ्या डोक्याच्या बरीच वर. साहेब काही ताडमाड नव्हता. तेव्हा आत दगडमातीचा पाचेक फुटांचा ढीग साचला होता, त्यावर चढून त्यानं हा उद्योग केला.

वाघाच्या शिकारीला आला आणि गुराख्याच्या पोरानं वाट दाखवली, असं सांगतात. पोराला ठाऊक होती म्हणून तर दाखवली! मग 'शोधली' कसली?

तरी हा माणूस डोक्यातून जाईना. नावावरून माग काढण्यात अर्थ नव्हता. इंग्रजांत जॉन स्मिथ शोधणं म्हणजे आपल्याकडे संजय पाटील शोधणं. म्हणून पलटण धरली, तर तिथे वेगळीच गंमत. साहेब मद्रास फौजेतला, असं सांगतात. पण १८१९ मध्ये त्या फौजेत लाइट कॅव्हलरीच्या, म्हणजे घोडदळाच्या, रेजिमेंट होत्या अवघ्या ८. मग अठ्ठाविसावी कुठून आली? तिसऱ्या मद्रास कॅव्हलरीला २८ हा आकडा मिळाला तो १९०३ च्या फेरक्रमांकात, म्हणजे स्मिथनंतर ८४ वर्षांनी. मी मोबाइलवरचा फोटो मोठा करकरून पाहिला, भिंगही लावून झालं. बायको म्हणाली, डोळे तपासून या.

शेवटी उरली तारीख. हिशेब केला, बुधवार निघाला. मग त्या एप्रिलमध्ये आसपास काय चाललं होतं ते बघायला बसलो आणि असीरगड सापडला. नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांनी तिथे आसरा घेतला म्हणून इंग्रजांनी गडाला वेढा घातला होता. गड पडला ९ एप्रिल १८१९ ला. वेढ्याला इंग्रज सेनानी माल्कमबरोबर जनरल डव्हटन होता, निजामाच्या तैनाती फौजेचा. या फौजेत भरणा मद्रासच्या पलटणींचा. आणि तिचा तळ कुठे? आमच्या जालन्याला!

मी जालन्यात वाढलो. नकाशावर बोट ठेवायचीही गरज नव्हती. असीरगड, बुऱ्हाणपूर, फर्दापूर, अजिंठ्याचा घाट, जालना. गड पडल्यावर एकोणीस दिवसांनी या वाटेवर मद्रासचा घोडेस्वार भेटणं अगदी साहजिक. कागद माझ्याकडे नाही, हा माझा तर्क. पण लढाई संपलेली, परतीचा रस्ता, वैशाखाचं ऊन, हाताशी बंदूक आणि फावला वेळ... शिकारीला वळलेला माणूस मला त्यात स्वच्छ दिसतो. त्याच्या हातून चित्र खराब झालं याचा राग मात्र तर्काने कमी होत नाही. याच लेण्याच्या दर्शनी भागावर दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे: वासिठीपुत कटहादीनं 'घरमुख' दान दिलं. त्यानंही नावच कोरवलं, पण आधी दगडाचं दार करून दिलं.

पुढच्या खेपेला मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, बॅटरी पुन्हा वर मारली आणि म्हणाले, "म्हणजे सर, तुमच्याच गावचा निघाला की हो!"