छाटीच्या वहीतले लाल ठिपके

क्षयरोग कार्यक्रमात उपचार पर्यवेक्षक म्हणून माझं निम्मं काम गल्लीबोळांतून फिरण्याचं. सोलापूरचा पूर्व भाग माझ्याकडे होता. तिथं घरोघरी एक तर यंत्रमागाचा कामगार, नाहीतर विडी वळणारी बाई. टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर जरा मांस चढतं, आणि नेमकं तिथंच माणूस गोळ्या सोडतो. असा अर्धवट सोडलेला टीबी उलटला की नेहमीची औषधं कधीकधी त्याला जुमानतच नाहीत. म्हणून आम्ही मागं लागतो, शिव्याही खातो.

त्या वर्षी चार बायकांच्या कार्डांवर मला एकच मोबाइल नंबर दिसला. चौघी वेगवेगळ्या घरांतल्या, एक तर पार शहराबाहेर, कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलात राहणारी. नंबर लावला तर पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "कोण बे?" आणि फोन बंद. आशाताईला विचारलं तर ती म्हणाली, "मॅडम, तो चेकर आहे. विडी कारखान्यातला."

त्याचं नाव ऐकून मला धडकीच भरली. बाई दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळते, हजार विड्यांचा हिशेब पुरा करता करता तिची पाठ मोडते. दुसऱ्या दिवशी माल कारखान्यात नेला की चेकर विड्यांचे कट्टे, म्हणजे जुड्या, तपासतो आणि खराब विड्या बाजूला काढतो. ती छाट. छाटीची मजुरी मिळत नाही. हा माणूस चांगल्या विड्याही छाटीत टाकायचा आणि त्या बाहेर विकायचा, असं बायका उघड बोलत. संध्याकाळी दारू, तोंडात सदा शिव्या. मार खाऊन खाऊन बायको माहेरी निघून गेलेली. असल्या माणसाचा नंबर टीबीच्या बायकांच्या कार्डावर! पोषण आहारासाठी सरकार तेव्हा महिन्याला 500 रुपये पेशंटच्या खात्यात टाकत होतं. त्यातही यानं हात घातला असणार, असंच माझ्या मनात आलं.

सकाळी कारखान्यात गेले. बायकांची रांग लागलेली, तंबाखूच्या खाटानं घसा धरत होता. टेबलामागं तो. चौघींपैकी एकीचा नंबर आला तसा तो कट्टा आपटून ओरडला, "ही विडी हाय का काय हाय गं? चल आत, दाखवतो तुला तुझी छाट!" ती बाई खाली मान घालून पानाच्या पोत्यांमागं गेली, मागोमाग तोही. माझं डोकं फिरलं. मीही आत शिरले.

आत ती बाई तांब्यातलं पाणी पीत होती. त्याच्या तळहातावर टीबीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी. तिचं वजन अडतीस किलो, म्हणजे रोज तीन गोळ्या. तिन्ही गिळून होईस्तोवर तो तिच्या तोंडाकडं बघत उभा होता. "जीभ वर कर," म्हणाला. तिनं केली. मग बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं पुन्हा एक शिवी हासडली आणि तिला जायला सांगितलं.

मला पाहून तो दचकला नाही. "सरकारी दवाखान्यातल्या ना? दार लावा."

त्यानं टेबलाचा पत्र्याचा खण उघडून दाखवला. सुताच्या चार रिकाम्या खोक्यांत चौघींच्या गोळ्या. खोक्यांवर नाव नाही, फक्त कारखान्याचा कार्ड नंबर. वही तीच, छाटीची. डाव्या बाजूला किती विड्या काढल्या तो आकडा, उजवीकडं त्या दिवशी गोळी गेली असेल तर लाल पेनाचा ठिपका. मी चौघींचे ठिपके आमच्या नोंदींशी ताडून पाहिले. एकही दिवस चुकला नव्हता.

पुढं त्या बायकांनी मला एकेक सांगितलं. सासरी कळलं तर ताट वेगळं करतील, माहेरी धाडतील, म्हणून एकीनंही घरी सांगितलं नव्हतं. गोळ्या लपवायला घरात जागा नाही. रोज जायची हक्काची जागा म्हणजे कारखाना. खोकणाऱ्या बाईला यानंच दम दिला होता, "थुंकी तपासून ये, नाहीतर विड्या वळायला पान मिळणार नाही." पोटावर पाय आला म्हणून त्या तपासायला गेल्या. रांगेत टीबीचा ट कुणी काढला नाही, कारण सगळ्यांना वाटे की चेकर छाटीवरून भांडतोय. कारखाना बंद असेल त्या दिवशी मोटरसायकलवरून कुंभारीला जाऊन तो घरकुलाच्या कोपऱ्यावर उभा राहायचा.

हे का करता, म्हणून मी विचारलं. "बाई मेली तर विड्या कोण वळणार?" एवढंच बोलला. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. नुसत्या विड्यांसाठी कुणी सुट्टीच्या दिवशी कुंभारीपर्यंत जात नाही.

त्याचं नाव मी उपचार सहाय्यक म्हणून रीतसर नोंदवलं. पेशंट बरा झाला की सहाय्यकाला 1000 रुपये मानधन मिळतं, हे सांगितलं तर लगेच म्हणाला, "बाईमागं हजार? मग लिहा चारदा." मी लिहिलं. छाटीबद्दलही बोलले, चांगल्या विड्या काढू नका म्हणून. "ते तुमचं काम नाही," म्हणाला, आणि छाट काढत राहिला. त्यात मला माफ करण्यासारखं काही दिसत नाही. आधीच थोड्या असलेल्या मजुरीतून तो रोज चोरत होता, आणि ज्यांना गोळ्या देत होता त्या बायकांचंही चोरत होता.

कोर्सच्या पाचव्या महिन्यात बायकांनी त्याच्याविरुद्ध मालकाकडं अर्ज दिला. अडतीस किलोवाल्या बाईनं, जी आता त्रेचाळीस किलोची झाली होती, पहिला अंगठा दिला. मला भीती वाटली की आता हा गोळ्या फेकून देईल. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले. त्यानं तिला नेहमीपेक्षा मोठ्यानं शिव्या घातल्या, तिच्या मालातून मूठभर विड्या छाटीत टाकल्या आणि ओरडतच तिला पोत्यांमागं नेलं. ती बाहेर आल्यावर मी वही पाहिली. डावीकडं आकडा होता, उजवीकडं ठिपका होता.

चौघी बऱ्या झाल्या. अर्जावरून मालकानं त्याला दुसऱ्या शाखेत पाठवलं. मानधनाचे पैसे खात्यात आले का, हे विचारायला त्यानं मला दोनदा फोन केला, आणि दुसऱ्या वेळी म्हणाला, "इथं पण एक बाई खोकायलीय. तुमच्यातलं कुणी येतंय का बघायला, का मीच पाठवू?"