लादीखालचं पाणी

साखळीच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराला लागून झोपायची खोली आहे. त्या भिंतीला माझं साड्यांचं कपाट होतं. दोन वर्षांपूर्वी आईची इरकल काढायला गेले, तर घडीवर बुरशीचे करडे ठिपके. कपाट ओढलं. मागे रंग फुगलेला, नखाने टोकरलं की गिलावा मिठासारखा गळत होता. लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेला क्षार.

गोव्यात भिंत ओली दिसली की आपण पावसाला बोल लावतो. मीही लावला. पण ऐन मार्चात, पावसाचा थेंब नसताना, ओल तेवढीच! मग शॉवरखालच्या चार लाद्या फोडल्या. खालचं सिमेंट चिखलासारखं झालेलं.

लादीतून पाणी जात नाही, पण लाद्यांच्या सांध्यांतून जातं. सांध्यात भरलेलं साधं ग्राउट पाणी पितं. त्यामागे आमचा चिरा, म्हणजे भिंतीचा जांभा दगड, तो तर स्पंजासारखाच. आधीच्या कामात वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर जेमतेम वीतभर चढवला होता, आणि शॉवरचं पाणी आदळतं छातीच्या उंचीवर.

या मे महिन्यात सगळं उखडून नव्याने केलं. मेस्त्री अनुभवी, हात चांगला, तरी म्हणालेच, "वहिनी, वरून लादी बसली की पाणी जातंय कुठे?" मी त्यांना कपाटामागची भिंत दाखवली. पुढे एकदाही त्यांनी घाई केली नाही.

जमीन आणि भिंत जिथे मिळते तो काटकोन आधी मसाल्याने गोलसर करून घेतला, कारण थर तडकतो तो तिथेच. पावडर आणि पातळ द्रव असं दोन भागांचं कोटिंग होतं. लावण्यापूर्वी पृष्ठभाग पाण्याने भिजवला, पण पाणी साचू दिलं नाही. कोपऱ्यांत जाळीची पट्टी कोटिंगच्या पहिल्या हातात, म्हणजे पहिल्या थरात, तो ओला असतानाच दाबून बसवली. पहिला हात आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. शॉवरच्या भिंतींवर थेट सात फुटांपर्यंत. उतार नाणी ट्रॅपकडे, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाकडे, तोही कोब्यातच, लादीखालच्या सिमेंटच्या थरातच काढला. लादी बसवताना उतार काढू म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आणि लादीआधीची पाण्याची चाचणी. ती कुणी कितीही टाळू दे, तुम्ही टाळू नका. थर पुरता सुकू दिला, ट्रॅपमध्ये बोळा कोंबला, उंबऱ्याशी विटेचा बांध घातला, दोन इंच पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. सकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली. एका रात्रीत वाफ होऊन एवढं जात नाही. खाली स्वयंपाकघराच्या छतावर, पाइपाभोवती, ताटाएवढा ओला डाग.

ट्रॅपच्या पाइपाभोवतीचं स्लॅबमधलं भोक साध्या मसाल्याने बुजवलेलं, तो आकसून केसाएवढी फट पडलेली. मेस्त्रींनी ते छिन्नीने खोदलं, न आकसणाऱ्या ग्राउटने भरलं, जाळी लावून पुन्हा दोन हात दिले. लादी बसल्यावर हीच फट सापडायला आणखी चार पावसाळे गेले असते.

दुसऱ्यांदा पूर्ण ४८ तास पाणी ठेवलं. रेघ आणि पाणी जवळपास एकाच जागी, खालचं छत कोरडं. सोमवारी लादी लावायला घेतली, सांध्यांत या वेळी पाणी न पिणारं इपॉक्सी ग्राउट.

कपाट अजून भिंतीपासून हातभर लांबच आहे. चिरा आतून सुकायला वेळ घेतो. तोवर त्या भिंतीला रंगाचा हात लावायचा नाही, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.