७ एएचची बॅटरी खरंच ७ एएच आहे का? आर्डुइनोवर स्थिर करंटचा लोड

छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी नुसत्या व्होल्टेजवरून ओळखता येत नाही. थकलेली बॅटरीसुद्धा चार्जरवरून काढली की १२.७ व्होल्ट दाखवते. तिच्यातून ठरलेला करंट सलग ओढायचा आणि ती किती तास टिकते ते मोजायचं, हाच खात्रीचा मार्ग. ७ एएच हा आकडा सहसा २० तासांच्या दराने दिलेला असतो. म्हणजे ०.३५ अँपिअर ओढले, तर १०.५ व्होल्टपर्यंत उतरायला २० तास लागायला हवेत.

इथे बहुतेक जण आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या पीडब्ल्यूएमने (पिनवरच्या झटपट चालू-बंद पल्सनी) थेट मॉसफेट हा ट्रान्झिस्टर चालू-बंद करतात आणि सरासरी ०.३५ आली की करंट कंट्रोल झाला असं समजतात. तो कंट्रोल नाही. बॅटरीला प्रत्येक पल्समध्ये पूर्ण करंटचा झटका बसतो आणि दोन पल्सच्या मध्ये शून्य. शिवाय पिन ९ वरचा पीडब्ल्यूएम साधारण ४९० हर्ट्‌झचा, तर एका अ‍ॅनालॉग रीडिंगला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात. त्यामुळे रीडिंग कधी पल्सच्या माथ्यावर पडतं, कधी दरीत, आणि आकडे नाचत राहतात. करंट धरून ठेवायचं काम ऑप-अँपचं (दोन इनपुटमधला फरक मिटवत राहणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायर चिपचं). किती करंट हवा, हे सांगायचं आणि मोजायचं काम तेवढं आर्डुइनोचं.

जोडणी अशी: बॅटरीच्या प्लसवरून २ अँपिअरचा फ्यूज, तिथून आयआरएलझेड४४एन या मॉसफेटचा ड्रेन. सोर्सवरून १ ओहम ५ वॅटचा रेझिस्टर, तो थेट बॅटरीच्या मायनसला. आर्डुइनोचा ग्राउंडही तिथेच. एलएम३५८ या ऑप-अँपला सप्लाय बॅटरीचाच द्या. ५ व्होल्टवर त्याचं आउटपुट साडेतीनच्या आसपास अडतं आणि गेटला (मॉसफेटच्या कंट्रोल पिनला) पुरेसा जोर मिळत नाही. आउटपुटवरून १०० ओहममधून गेट. रेझिस्टरच्या वरच्या टोकावरून १० के मधून ऑप-अँपचं मायनस इनपुट, आणि आउटपुट ते मायनस इनपुट १ नॅनोफॅरड. हा एवढासा कपॅसिटर गाळू नका. गेटची कपॅसिटन्स मोठी असल्याने तो नसेल तर सर्किट ऑसिलेट होऊ शकतं. मग मल्टिमीटरवर आकडा ठीक दिसतो, पण बोटाने गेटची वायर हलवली की तो बदलतो.

प्लस इनपुटला पिन ९ वरून ३९ के, तिथून ग्राउंडला १० के, आणि त्या १० के ला समांतर १० मायक्रोफॅरड. ५ व्होल्टचे इथे १.०२ व्होल्ट होतात, आणि ऑप-अँप १ ओहमवर तेवढंच व्होल्टेज धरतो, म्हणजे पूर्ण पीडब्ल्यूएमला (२५५) १.०२ अँपिअर आणि एका पायरीला ४ मिलिअँपिअर. ०.३५ साठी ८८ च्या आसपास. आर्डुइनो रीसेट झाला तर हाच १० के इनपुट शून्याकडे ओढतो आणि लोड जवळजवळ बंद होतो.

रेझिस्टर ०.१ ओहमचा का नको? एलएम३५८ चा ऑफसेट (दोन इनपुटमधली अंगभूत चूक) ७ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. १ ओहमवर ती चूक ७ मिलिअँपिअर, ०.१ वर ७०. मोजणीचंही तेच, कारण आर्डुइनो या रेझिस्टरवरचं व्होल्टेजच मोजतो. ५ व्होल्ट रेफरन्सवर (ज्याच्याशी तुलना करून तो मोजतो ते व्होल्टेज) एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स घेतला तर १.०७. तोच घ्या, पण तो चिपगणिक १.० ते १.२ व्होल्टमध्ये कुठेही असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या पांढऱ्या सिमेंट रेझिस्टरवर ‘J’ हे अक्षर लिहिलेलं असतं, म्हणजे त्याच्या किमतीत ५ टक्के फरक असू शकतो. दोन्ही चुका एकाच गुणकात निघतात: बॅटरीच्या ओळीत मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावा (मिलिअँपिअरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा २०० चाच असतो), मिनिटभर १ अँपिअर चालवा आणि आकडे जुळवा. रेफरन्स बदलल्यानंतरची पहिली काही रीडिंग फेकून द्या, मग ६४ ची सरासरी. मोजणीची वायर रेझिस्टरच्या पायालाच सोल्डर करा; ब्रेडबोर्डवर संपर्काचा विरोधही मोजला जातो.

बॅटरीचं व्होल्टेज १२० के आणि १० के च्या विभाजकातून घ्या, म्हणजे १४.३ व्होल्टपर्यंत वाचता येतं.

उष्णतेचा हिशोब आधी करा. ०.३५ अँपिअरला मॉसफेटमध्ये सुमारे ४.३ वॅट जातात. उघड्या टीओ-२२० ला (मॉसफेटच्या या पॅकेजला) वॅटमागे ६२ अंश, म्हणजे तो जळणारच. वॅटमागे १० अंशांपेक्षा कमी तापणारा हीटसिंक लावा. मॉसफेटचा पत्रा म्हणजे ड्रेन, त्यामुळे हीटसिंकवर बॅटरीचा प्लस येतो. मायकाची चकती आणि प्लॅस्टिकचा बुशिंग वॉशर घाला, नाहीतर हीटसिंक मायनसला टेकला की फ्यूज गेलाच.

अँपिअर-अवर मोजताना प्रोग्रॅममधल्या डिले (delay) वर विसंबू नका. मिलिस (millis) मधला खरा फरक सेकंदांत घ्या, करंटशी गुणा, ३६०० सेकंदांनी भागा आणि बेरीज करत जा. दर मिनिटाची ओळ सिरियलवर छापा. लॅपटॉप झोपणार नाही एवढं बघा. १०.५ व्होल्टला पीडब्ल्यूएम शून्य केल्यावरही ऑफसेटमुळे काही मिलिअँपिअर वाहू शकतात, आणि एलएम३५८ चा स्वतःचा करंट चालूच असतो. म्हणून त्या क्षणी फ्यूजनंतरची वायर रिलेने तोडा, ऑप-अँपचा सप्लायही रिलेनंतरच घ्या. बॅटरी लगेच चार्जिंगला लावा, रिकामी पडून राहिली तर सल्फेट धरते. ५.६ एएचच्या खाली आकडा आला तर ती बॅटरी बदला.