रेपो कपातीच्या तोंडावर घर घेताना: माझा अनुभव

मे २०२५ मध्ये पुण्यात ६५ लाखांच्या रीसेल फ्लॅटची बोलणी चालली होती. फेब्रुवारी आणि एप्रिलच्या कपातींनी रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो) ६.५० वरून ६ टक्क्यांवर आला होता. ६ जूनच्या पतधोरणात तो आणखी उतरणार, असं सगळेच धरून चालले होते. ओळखीचे लोक म्हणत होते, महिनाभर थांबा. मालकांचा हिशेब उलटा होता: दर उतरले की गिऱ्हाईक वाढेल, मग आत्ता भाव का सोडायचा?

आधी थांबण्याचा फायदा आकड्यांत मांडला. कर्ज ५० लाख, मुदत २० वर्षं, रेपोवर स्प्रेड (रेपोच्या वर बँक लावते तो जादा दर) २.२५, म्हणजे दर ८.२५ टक्के आणि हप्ता ४२,६०३ रुपये. रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर बँकेला तीन महिन्यांतून किमान एकदा रीसेट करावाच लागतो, म्हणजे नव्या रेपोनुसार बदलावा लागतो. म्हणजे कपातीआधी कर्ज उचललं तरी कपात हुकत नाही, फार तर तीन महिने उशिरा मिळते. अर्ध्या टक्क्याची कपात धरली तरी या उशिराची किंमत ६,२५० रुपये. भाव एका लाखानं चढला, तर तो लाख आणि त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क. (गृहवित्त कंपन्यांना हा नियम लागू नाही. त्यांचा दर स्वतःच ठरवलेल्या मूळ दरावर (पीएलआर) चालतो, म्हणून तिथे कपात रेंगाळते.)

घासाघीस करायची ती स्प्रेडवर. कपात झाली की काही बँका नव्या ग्राहकांसाठी स्प्रेड वाढवतात. जुन्या ग्राहकाला मात्र पूर्ण कपात मिळते. सॅंक्शन लेटरमध्ये (कर्जमंजुरीच्या पत्रात) स्प्रेड आणि रीसेटची तारीख वेगवेगळी लिहून घेतली.

मालकांपुढेही आकडेच ठेवले. दर ८.२५ वरून ७.७५ झाला, तर त्याच हप्त्यात गिऱ्हाइकाला ५० ऐवजी जेमतेम ५१.९ लाख मिळतात. त्यांचं स्वतःचं ३० लाखांचं कर्ज ८.५० टक्क्यांनी बाकी होतं, म्हणजे महिन्याला २१,२५० रुपये व्याज. तीन महिने थांबले तर ६३,७५० गेले. त्यानंतर भाव ठरला.

विसार पावतीत कर्जवाटपासाठी ६० दिवस घेतले. दराची कुठलीच अट घातली नाही. ६ जूनला बहुतेकांना पाव टक्क्याची अपेक्षा होती, रेपो थेट ५.५० वर आला. रीसेटनंतर बँकेनं हप्ता तोच ठेवून मुदत सुमारे २० महिन्यांनी घटवली. हप्ता कमी हवा असेल तर तसा लेखी अर्ज द्यावा लागतो.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. मालकांचं कर्ज माझ्या बँकेच्या चेकनं फेडायचं होतं. त्यासाठी त्यांच्या बँकेचं फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) लागतं. ते मोजक्याच दिवसांचं असतं आणि व्याज रोज चढतं. चेक निघेपर्यंत पत्राची मुदत उलटली आणि रक्कम कमी पडली. नवं पत्र, नवा चेक, यात आठवडा गेला. सर्च रिपोर्ट (मालकीच्या कागदपत्रांची तपासणी) आणि व्हॅल्युएशन (फ्लॅटचं मूल्यांकन) हातात आल्यावरच ते पत्र मागवावं, आणि चेकची तारीख धरून रक्कम लिहून घ्यावी.