आमची वाटचाल: ओट्यापासून कॉन्फरन्स टेबलापर्यंत

सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा आमचा खनिज वाहणारा टिपर ट्रक डिचोलीत घरासमोर उभा होता आणि त्याचे हप्ते चालूच होते. बाबांनी काही महिने वाट पाहिली, मग मिळेल त्या किमतीला तो विकला. ओळखीचा एक ड्रायव्हर कर्नाटकातून इलकलचा ग्रॅनाइट घेऊन बेळगावमार्गे घाट उतरायचा. त्याच्या भरवशावर बाबांनी फोंड्याला रस्त्याकडेला शेड घेतली, एक कटिंग मशीन घेतलं आणि स्वयंपाकघराचे ओटे करायला लागले. "बाय, खाणी बंद पडतील, चूल नाही पडायची," असं ते म्हणायचे. मी बिलं लिहायला म्हणून शेडवर जाऊ लागले, ती अजून तिथेच आहे.

पहिली काही वर्षं ओटे, जिन्याच्या पायऱ्या, देवघराची बैठक, एवढंच काम होतं. पण त्यातच हात तयार झाला. स्लॅब आडवी उचलायची नाही, उभीच न्यायची आणि घोडीवरही, म्हणजे स्लॅब टेकवायच्या तिरक्या स्टँडवरही, उभीच ठेवायची. बोटाच्या पेराने ठोकून कान द्यायचा: अखंड दगड खणखणतो, आत चीर असली की आवाज बसका येतो. हे मला आमच्या थोरल्या कारागिराने शिकवलं. ते मूळचे राजस्थानचे, आणि मार्बलवर हात फिरवून पॉलिश कुठे कमी पडलंय ते सांगणारे.

मग पणजीत पाटोवरच्या एका ऑफिसातून कॉन्फरन्स टेबलाचं काम आलं. बारा फूट बाय चार फूट, पांढरा मार्बलच हवा. आम्ही हरखून गेलो. एवढी लांब स्लॅब सहसा मिळत नाही, म्हणून दोन तुकड्यांच्या शिरा एकमेकींना जुळवून मधोमध जोड घेतला आणि तो फ्रेमच्या आडव्या पट्टीवर बसवला. अठरा मिलिमीटरचा दगड, म्हणजे वरचाच भाग सव्वादोनशे किलोच्या आसपास. लिफ्टमध्ये मावेना, जिन्यावरून सहा माणसांनी नेला. टेबल बसलं तेव्हा बाबांनी ते नुसतं बघत राहावं असं झालं होतं.

दोन महिन्यांनी, ऐन मे महिन्यात, फोन आला की टेबलावर डाग पडलेत. मी फडकं आणि साबण घेऊन गेले. खिडकीच्या उजेडाकडे मान तिरकी करून पाहिलं आणि पोटात गोळा आला. प्रत्येक खुर्चीसमोर ग्लासाच्या बुडाएवढी फिकट कडी. बोट फिरवलं तर कडीवर चकाकी नाही आणि हाताला खरखर लागते. तो डाग नव्हताच, पॉलिश खाल्लं गेलं होतं. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आंबट लागलं की ते विरघळतं. उन्हाळाभर त्या ऑफिसात पाहुण्यांना कोकम सरबत आणि लिंबू सोडा दिला जात होता. आम्ही सीलर लावला होता, पण सीलर दगडात पाणी-तेल मुरू देत नाही, आम्लापुढे त्याचं काही चालत नाही.

एका कोपऱ्यात तर हाताएवढा पांढरा, भुरभुरीत पट्टा होता. साफसफाई करणाऱ्या मावशी दाराशी उभ्या होत्या, घाबरून. चहाचा डाग निघेना म्हणून त्यांनी बाथरूमचं ॲसिड पाण्यात घालून घासलं होतं. "ताई, मला कुणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. टेबल सोपवताना ते कसं जपायचं याचा कागद मी साहेबांना दिला होता, पुसणाऱ्या बाईला एक शब्द बोलले नव्हते. ती चूक माझी. आम्ही तीन रात्री आमच्या खर्चाने ते टेबल जाड दाण्याच्या १२० नंबरच्या पॅडपासून घासत बारीक ४०० पर्यंत नेलं आणि तिथेच थांबलो. चकाकी मुद्दाम आणली नाही; मॅट दगडावर असे डाग पडतात, पण डोळ्यांत भरत नाहीत.

त्या दिवसापासून आमच्याकडे रंगाची गोष्ट सगळ्यात शेवटी निघते. आधी विचारते, मीटिंगला काय प्यायला देता, जेवण टेबलावर होतं का, पुसतं कोण. मग शेडवरच तुकडे मांडते. एकावर लिंबाचा थेंब, एकावर पाण्याचा, आणि दहा मिनिटं गप्पा. पाण्याखाली दगड काळपट झाला तर तो पितो, त्याला सीलर लागणार. लिंबाखाली निस्तेज झाला तर तो चुनखडीच्या जातीचा. काळा म्हणजे ग्रॅनाइटच असं नाही. कडप्पाही काळाच असतो आणि लिंबाला मार्बलसारखाच हार जातो. ज्यांना चिंता नको आहे त्यांना मी ग्रॅनाइटच सुचवते. त्यातला आंध्रातल्या चीमाकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी सुंदर दिसतो, पण चकचकीत काळ्यावर बोटांचे ठसे उठतात, म्हणून खरखरीत लेदर फिनिश घ्या म्हणते.

वायरींसाठी भोक पाडायचं असेल तर आतले कोपरे गोलच हवेत. काटकोनी कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. एक आख्खी स्लॅब गमावून आम्ही हे शिकलो. फ्रेम साध्या लोखंडाची देत नाही. खारा वारा तिला धरतो, आणि पांढऱ्या दगडात मुरलेला गंज काढणं फार जिकिरीचं.

पावसाळ्याबद्दल इथे जरा जास्त सांगावं लागतं. दिवसभर एसीत गार झालेला दगड, संध्याकाळी एसी बंद करून खिडक्या उघडल्या की घामेजतो. कागद चिकटतात. लोक मग संरक्षणासाठी वर काच ठेवतात, आणि काचेखाली अडकलेली ओल निघत नाही, आत बुरशी धरते. काच नको, टेबल मोकळं राहू द्या आणि सुक्या फडक्याने पुसा. रोजच्यासाठी पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब पुरतात. तेलाचा डाग पडला तर खाण्याच्या सोड्याचा लगदा थापून, वर प्लास्टिक लावून रात्रभर ठेवायचा. व्हिनेगर, लिंबू, ॲसिड यांतलं काहीही नको.

आता टेबल बसवून झालं की मी मावशींना बोलावते, फडकं त्यांच्या हातात देते आणि त्या कुठल्या बाटलीने पुसणार ते बघते. पहिल्या पावसाळ्यानंतर एक फेरी आमची, पैसे न घेता.

गेल्या श्रावणात पाटोच्या त्याच ऑफिसात गेले होते. मावशी अजून तिथेच आहेत. प्रत्येक खुर्चीसमोर त्यांनी लाकडी बशी ठेवली होती. माझा हात धरून मला जोडाजवळ घेऊन गेल्या, बोट बुडवून एक थेंब दगडावर सोडला. "ताई, इथे बघा, पाणी प्यायला लागलाय." थेंबाखाली दगड हळूहळू काळवंडत होता. रविवारी सीलर घेऊन येते म्हणाले.