फेब्रुवारीत गाव मोजताना

निवडणूक जिल्हा परिषदेची असो की विधानसभेची, आमच्या बीड जिल्ह्यात कुठल्याही पारावर टक्क्यांचा हिशेब सुरू होतो. आपला समाज इतके टक्के, त्यांचा तितके टक्के. सांगणारा अगदी ठामपणे सांगतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं गणित शिकवलं, त्यामुळे ऐकता ऐकता मनात बेरीज होतेच. चार-पाच समाजांचे आकडे मिळवले की शंभराच्या पुढे जातात, आणि अजून निम्मं गाव मोजायचं राहिलेलं असतं.

हे आकडे जनगणनेतले नाहीत. जनगणनेत अनुसूचित जाती आणि जमाती मोजल्या जातात. 2011 साली महाराष्ट्रात त्यांचं प्रमाण 11.8 आणि 9.4 टक्के होतं. बाकी सगळ्या जातींची मोजणी होऊन आकडे छापले गेले ते शेवटचे 1931 साली. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. म्हणजे पारावरचा आकडा एकतर पणजोबांच्या काळातला, नाहीतर मेळाव्याची गर्दी बघून बांधलेला.

धर्माचे आकडे तर उघड छापलेले आहेत, तरीही तसंच होतं. देशात मुसलमान किती, असं विचारलं की शिकलेली माणसंही तीस टक्क्यांच्या खाली येत नाहीत. 2011 च्या गणनेत देशात 14.2 आणि महाराष्ट्रात 11.5 टक्के होते. बौद्धांच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे. आपल्याकडे जवळपास प्रत्येक गावात बौद्ध वस्ती असते, म्हणून देशभर असंच असेल असं वाटतं. देशात त्यांचं प्रमाण 0.7 टक्का आहे, आणि त्या सगळ्यांपैकी चारातले तीन एकट्या महाराष्ट्रात राहतात.

ही सवय फक्त आपली नाही. 2016 साली इप्सॉस या संस्थेने अनेक देशांत लोकांना असेच प्रश्न विचारले. फ्रान्समधल्या लोकांनी तिथल्या मुसलमानांचा सरासरी अंदाज 31 टक्के सांगितला, प्रत्यक्षात ते साडेसात टक्क्यांच्या आसपास होते. त्या वर्षी सगळ्यात चुकीची उत्तरं देणाऱ्यांत भारत पहिला आला. यामागे द्वेष असतोच असंही नाही. अभ्यासकांचं म्हणणं असं, की खात्री नसली की माणूस मधला आकडा धरतो. मग लहान गट फुगतो आणि मोठा गट आक्रसतो.

मला त्यात आपल्याकडचं आणखी एक कारण दिसतं. महाराष्ट्रातला मुस्लीम समाज मोठ्या प्रमाणात शहरांत आणि तालुक्याच्या गावांत राहतो. खेड्यातला माणूस बाजाराला येतो तो तिथेच. त्याला रस्त्यावर जे दिसतं त्यावरून तो जिल्ह्याचा अंदाज बांधतो, आणि ज्या वाड्या-तांड्यांवरून तो स्वतः आला ते त्याच्या हिशेबात येतच नाहीत.

मग पुढचं वाक्य ठरलेलं: ‘त्यांची लोकसंख्या वाढतच चाललीय.’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 1992-93 साली मुस्लीम बाईमागे सरासरी 4.4 मुलं होती, हिंदू बाईमागे 3.3. 2019-21 च्या फेरीत हे आकडे 2.4 आणि 1.9 झाले. दोन्ही खाली आले आणि जास्त वेगाने खाली आला तो पहिला. सगळ्या महाराष्ट्राचा आकडा तर 1.7 आहे, लोकसंख्या पुढे स्थिर राहायला तो 2.1 लागतो. शिक्षकांना हे कुणी समजावून सांगायला नको. पट घसरतो, तुकडी जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतो. इंग्रजी शाळांनी मुलं ओढली हे खरंच आहे, पण घरात मुलंच कमी जन्मताहेत हेही तितकंच खरं.

आणि मुली? वर्गात मुली दिसत होत्या, पहिला नंबरही त्याच काढत होत्या. त्यामुळे काही बिघडलंय असं गावात बसून कुणाला वाटत नव्हतं. 2011 चा आकडा आला तेव्हा बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली निघाल्या. दहा वर्षांपूर्वी त्या 894 होत्या. एका वर्गात दोन-चार मुली कमी असल्या तर नजरेला कळत नाही. घरोघर जाऊन मोजलं तेव्हाच ते कळलं. म्हणून मला जनगणनेबद्दल इतकं वाटतं.

2011 ला मी प्रगणक होतो, म्हणजे जनगणनेसाठी घरोघर जाऊन माणसं मोजणारा. गणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात. आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. दिवाळीच्या आगेमागे मजुरांच्या टोळ्या उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन साखर कारखान्याला निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. माझ्या गटात, म्हणजे मोजणीसाठी मला नेमून दिलेल्या भागात, घरामागून घर कुलूप. एका दारात आजी बसलेली. म्हणाली, ‘‘गुरुजी, पोरगा अन् सून कारखान्याला गेलेत, धाकटं लेकरू संगंच नेलंय. मी अन् ही दोन नातवंडं हाव घरी.’’

नियम स्पष्ट आहे. गणनेच्या संपूर्ण काळात जो घरी नाही, त्याची नोंद घरी करायची नाही. तो जिथे असेल तिथे होईल. आजीच्या घरात मी तिघांची नोंद केली. मुलगा, सून आणि धाकटं लेकरू यांची नोंद कुठल्यातरी उसाच्या फडाजवळच्या तळावर, कोपीत म्हणजे मजुरांच्या झोपडीत, व्हायला हवी होती. ती झाली का, हे इकडच्या गावाला कधीच कळत नाही. ग्रामपंचायतीचे सदस्य किती, राखीव जागा किती, वित्त आयोगाचा निधी किती, यात जनगणनेतली लोकसंख्या बघितली जाते. वर्षातले सहा-सात महिने गावात राहणारी माणसं त्या आकड्यात नसतात.

कारखान्याच्या हिशेबातही ती माणसं म्हणून येत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत कोयते लिहिलेले असतात, लेकरं कुठेच नसतात.

आता 2027 च्या फेब्रुवारीत पुन्हा तीच वेळ आहे. यावेळी सगळ्यांची जातही विचारली जाणार, म्हणजे पारावरची बेरीज पहिल्यांदा खऱ्या आकड्यांशी ताडून बघता येईल. वंजारी, बंजारा, मराठा, दलित, मुसलमान, सगळ्याच समाजातली माणसं कोयता घेऊन जातात. तळावर मोजणी राहिली तर जातींचे आकडेही तितकेच अपुरे राहतील.

टोळीवर जाणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मी आत्तापासून सांगतोय, की घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय लिहिलेला कागद सोबत ठेवा, तान्ह्या लेकराचंसुद्धा. आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुण्याकडच्या शिक्षकांना विनंती आहे. तुमच्या गटाचा नकाशा हातात आला की त्यात ऊसतोडीचा तळ येतो का ते आधी बघा. अंधार पडल्यावर जा, कारण पहाटेच माणसं फडात गेलेली असतात. प्रत्येक कोपीत विचारा. मुकादमाकडून कोयत्यांचा आकडा घेऊन त्याची दुप्पट लिहू नका.